किडा कोणता? आधी ओळखू या, मग नावे ठेवू या

विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि मान्यवर विश्वस्त मंडळी,

वार्तापत्राच्या पावसाळी अंकात आम्ही दरवर्षी अभ्यास, शिस्त आणि परीक्षा यांवर लिहितो. यंदा विषय वेगळा आहे. यंदा आम्ही किड्यांविषयी लिहिणार आहोत. त्याला कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक.

मागच्या पावसाळ्यात शाळेमागच्या वाफ्यात मुलांनी चवळी लावली होती. श्रावणाच्या सुमारास वेलांच्या शेंड्यांवर काळा मावा दिसू लागला. त्याच पानांवर आणखी एक प्रकारचे किडे फिरत होते. काळपट, लांबट, अंगावर बारीक काटे आणि पाठीवर नारिंगी ठिपके. मुले घाबरून आम्हाला बोलवायला आली. आम्ही लांबूनच पाहिले आणि माळीबुवांना औषध फवारायला सांगितले. दुसऱ्या दिवशी ते काटेरी किडे मरून पडलेले दिसले. आम्हाला वाटले, काम फत्ते झाले. पण आठ-दहा दिवसांत मावा परत आला, तोही आधीपेक्षा जास्त. पाने चिकट झाली, शेंगा वाकड्यातिकड्या राहिल्या आणि मुलांची चवळी हातची गेली.

मग सातवीतील एका विद्यार्थिनीने घरच्या शेतकी मासिकातले एक चित्र आणून दाखवले. ते काटेरी किडे म्हणजे ढालकिड्याची पिल्ले होती. लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा, वाटाण्याएवढा गोल ढालकिडा तुम्ही पाहिला असेल. तो स्वतःही मावा खातो आणि त्याची पिल्लेही मावाच खातात. चोर पकडायला आलेल्या शिपायालाच आम्ही मारून टाकले होते.

आम्ही प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालो, हिंदी माध्यमातून. ‘शृंगिका’, ‘वक्ष’, ‘उदर’ सारे पाठ होते. झुरळाची आकृती काढून गुणही मिळवले होते. पण आजीकडून ऐकलेली मराठी नावे एका कप्प्यात राहिली, महाविद्यालयातली हिंदी नावे दुसऱ्या कप्प्यात, आणि पानावर बसलेला खरा किडा तिसरीकडेच. या तिघांची गाठ घालून द्यावी, यासाठी हा लेख.

कीटक कोणाला म्हणावे?

आपण सरसकट सगळ्यांनाच किडे म्हणतो. पण कीटक म्हणजे ज्याच्या शरीराचे डोके, छाती आणि पोट असे तीन भाग असतात, ज्याला छातीला जोडलेले सहा पाय असतात आणि डोक्यावर मिशांसारख्या दोन शृंगिका असतात तो. बहुतेक प्रौढ कीटकांना पंखही असतात आणि तेही छातीलाच जोडलेले असतात.

ही कसोटी लावली की बरीच मंडळी बाहेर पडतात. कोळ्याला आठ पाय, शृंगिका नाहीत, शरीराचे भाग दोनच. विंचवालाही आठ पाय. गोमेला शरीराच्या प्रत्येक वळ्याला पायांची एक जोडी असते, म्हणून तीही कीटक नव्हे. आणि मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातीवर दिसणारा तो लाल मखमली ‘मृगाचा किडा’, ज्याला आपल्या शेजारची मुले बीरबहूटी म्हणतात? त्याचे पाय मोजून पाहा. आठ आहेत. तो कोळ्यांच्या नात्यातला आहे. नावात किडा असला तरी तो कीटक नाही.

पाहण्याच्या चार जागा

जगात आजवर सुमारे १० लाख जातींच्या कीटकांची शास्त्रीय नोंद झाली आहे. एवढी नावे कोणालाच पाठ होणार नाहीत आणि तशी गरजही नाही. कार्ल लिनिअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली आपल्या ग्रंथात कीटकांचे सात गण मांडले, ते मुख्यतः पंखांवरून. पुढे गणांची संख्या वाढली, काही गण मोडले, काही एकत्र झाले. पण पंखांकडे पाहण्याची रीत टिकली. म्हणूनच गणांची बरीचशी नावे ‘प्टेरा’ने संपतात. ग्रीक भाषेत प्टेरॉन म्हणजे पंख.

किडा दिसला की चार जागा पाहाव्यात:

१. पंख : किती आहेत? पातळ आहेत की जाड? मिटल्यावर कसे बसतात?
२. तोंड : चावणारे जबडे आहेत, टोचणारी सोंड आहे, की गुंडाळलेली नळी?
३. पाय : मागचे पाय उडी मारण्याजोगे लांब आहेत का? पुढचे पाय पकडीसारखे आहेत का?
४. शृंगिका : लांब की आखूड? सरळ, कोपरासारख्या वाकलेल्या, टोकाला जाड, की पिसांसारख्या?

रंग पाहू नये असे नाही, पण रंगावर विसंबू नये. रंग फसवतो. पंख सहसा फसवत नाहीत.

आठ मोठी घराणी

भुंगेरे (कोलिऑप्टेरा). सर्वांत मोठे घराणे हेच. नोंद झालेल्या जाती साडेतीन ते चार लाख. पुढचे दोन पंख कडक, कवचासारखे. मिटल्यावर ते पाठीच्या मधोमध एका सरळ रेषेत जुळतात. ही रेषा हीच भुंगेऱ्याची खूण. उडण्याचे पातळ पंख त्या कवचाखाली घडी घालून ठेवलेले असतात. तोंड चावण्याचे. ढालकिडा, शेणकिडा, तांदळात होणारे सोंडे आणि रात्री चमकणारा काजवा हे सारे भुंगेरेच.

ढेकूण व मावा (हेमिप्टेरा). यांची खूण तोंडात आहे. डोक्याच्या खालून निघून छातीखाली मुडपलेली सुईसारखी सोंड असते. तिने ते झाडाचा किंवा प्राण्याचा रस ओढतात. हिरव्या ढेकण्यासारख्या प्रकारांत पुढच्या पंखांचा अर्धा भाग जाड आणि उरलेला पातळ असतो, पंख मिटल्यावर एकमेकांवर चढतात आणि पाठीवर त्रिकोण उठून दिसतो. पाठीवर सरळ रेषा तर भुंगेरा, त्रिकोण तर ढेकण्या, हे मुलांनी ध्यानात ठेवावे. मावा, तुडतुडे, सिकाडा आणि आपल्याला लाख देणारा कीटकही याच घराण्यातले.

फुलपाखरे व पतंग (लेपिडॉप्टेरा). चारही पंखांवर बारीक खवले. पंखाला हात लावला की बोटाला लागते ती पूड म्हणजे हेच खवले. तोंडात घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली नळी. फुलपाखराच्या शृंगिकेचे टोक काडेपेटीच्या काडीसारखे जाड असते. पतंगाची शृंगिका दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी असते.

माश्या व डास (डिप्टेरा). इतर कीटकांना चार पंख, यांना दोनच. मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन छोटे दांडे उरलेले असतात. उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. घरमाशी, फळमाशी, डास सारे यात आले.

मधमाश्या, गांधीलमाश्या व मुंग्या (हायमेनॉप्टेरा). पंख चार, पातळ आणि पारदर्शक. मागचे पंख लहान असून बारीक आकड्यांनी पुढच्या पंखांना अडकवलेले असतात, म्हणून दुरून दोनच वाटतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये बारीक कंबर. मुंगीला पंख नसले तरी कंबर पाहा आणि कोपरासारखी वाकलेली शृंगिका पाहा, घराणे कळेल. नांगी फक्त माद्यांनाच असते.

टोळ, नाकतोडे व रातकिडे (ऑर्थॉप्टेरा). मागचे पाय लांब, मांड्या भरलेल्या. पुढचे पंख अरुंद व चिवट, मागचे पंख्यासारखे घडीचे. टोळाच्या शृंगिका आखूड, रातकिड्याच्या अंगापेक्षाही लांब. रातकिडा ओरडत नाही, तर नर आपले पुढचे पंख एकमेकांवर घासतो. त्याचे कान पुढच्या पायांवर असतात, टोळाचे पोटाच्या बाजूला. २०२० च्या मे महिन्यात राजस्थानातून नीमच-मंदसौरकडे आलेली टोळधाड पालकांना आठवत असेल, ती यांच्यातल्याच एका जातीची.

चतुर व टाचण्या (ओडोनेटा). मोठे डोळे, केसाएवढ्या आखूड शृंगिका, जाळीदार चार लांब पंख. बसल्यावरही चतुराचे पंख विमानासारखे पसरलेले असतात; टाचणी बहुधा ते पाठीवर मिटून घेते. यांची पिल्ले पाण्यात वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात.

झुरळे व वाळवी (ब्लॅटोडिया). चपटे अंग, ढालीखाली लपलेले डोके, लांब दोऱ्यासारख्या शृंगिका हे झुरळ. वाळवीला पूर्वी स्वतंत्र गण दिला होता. एकविसाव्या शतकातील अभ्यासाने ती झुरळांच्या घराण्यातलीच असल्याचे दिसले, आणि आता ती तिथेच मोजतात.

बिनपंखाची काही मंडळीही घरात भेटतात. जुन्या पुस्तकांत रुपेरी अंगाची, शेपटाकडे तीन धागे असलेली, झपकन पळणारी कसर असते. उवा आणि पिसवाही आहेतच. त्यांचे गण वेगळे.

नावे कशी फसवतात

पावसाच्या पहिल्या रात्री दिव्याभोवती पंख टाकणारे किडे जमतात. पुष्कळ जण त्यांना ‘पंख फुटलेल्या मुंग्या’ म्हणतात. एक उचलून पाहा. कंबर जाड, शृंगिका मण्यांच्या माळेसारखी सरळ आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतील तर ती वाळवी आहे, आणि घरातल्या लाकडी चौकटी तपासायला हव्यात. कंबर बारीक, शृंगिका वाकलेली आणि पुढचे पंख मोठे असतील तर ती मुंगी, काळजीचे कारण नाही.

सोयाबीनवरची पांढरी माशी ही माशीच नव्हे. तिला चार पंख आणि रस शोषणारी सोंड आहे. ती माव्याच्या घराण्यातली. उलट, फुलावर अधांतरी थबकणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची ‘मधमाशी’ पाहून मुले पळतात. तिचे पंख दोनच आणि शृंगिका अगदी आखूड असतील तर ती माशी आहे. तिला नांगीच नाही. तिच्या अनेक जातींच्या अळ्याही मावा खातात.

आणि ढालकिडा दिसला म्हणजे तो मित्रच, असेही नाही. वांग्याच्या पानांची चाळण करणारा एक ढालकिडा आहे. त्याचा रंग मातकट, त्यावर पुष्कळ ठिपके आणि अंगावर बारीक लव असल्याने पाठ चकाकत नाही. माव्यावर जगणारे आपले नेहमीचे ढालकिडे गुळगुळीत, चकचकीत पाठीचे असतात. घराणे कळले तरी शेवटचा निवाडा जवळून पाहूनच करावा लागतो.

पिल्ले आईबापांसारखी नसतात

आमची चूक नेमकी इथे झाली. टोळ, झुरळ आणि ढेकूण यांची पिल्ले आईबापांसारखीच दिसतात, फक्त लहान आणि पंखांविना. पण भुंगेरे, फुलपाखरे, माश्या आणि मधमाश्या यांच्यात अंड्यातून अळी निघते, अळीचा कोश होतो आणि कोशातून प्रौढ कीटक बाहेर येतो. अळी आणि प्रौढ यांत काही साम्य उरत नाही. म्हणून अनोळखी अळी दिसली की ‘ही कोणाची?’ हा प्रश्न आधी विचारावा. दोन दिवस थांबून ती काय खाते ते पाहावे. पाने खाते की मावा, एवढे कळले तरी पुष्कळ झाले. आम्ही दोन मिनिटेही थांबलो नाही.

ओळखीने काय साधते?

कोणी म्हणेल, हे सारे शास्त्रज्ञांसाठी. आपल्याला त्याचे काय? रोनाल्ड रॉस यांची हकीकत ऐका. सैन्याच्या वैद्यकीय सेवेतले हे डॉक्टर १८९५ पासून सिकंदराबादेत मलेरियाचे जंतू डासांच्या पोटात शोधत होते. भुरे डास फाडले, पट्टेदार डास फाडले, हाती काही लागेना. डास तर ते पाहत होते, पण चुकीच्या प्रकारचे. मग पंखांवर ठिपके असलेला निराळा डास त्यांनी घेतला आणि २० ऑगस्ट १८९७ रोजी त्याच्या जठरात तो जंतू सापडला. हा डास म्हणजे ॲनॉफिलिस. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डासाडासांतला फरक दिसेपर्यंत त्यांचे सारे कष्ट वाया जात होते.

आपल्या घरीही तेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास काळा असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो आणि कूलर, पिंप, कुंडीखालची बशी अशा साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्या पाण्यात डोके खाली करून लोंबणाऱ्या, हात लावताच वळवळत तळाशी जाणाऱ्या अळ्या दिसल्या, तर आजच पाणी ओतून भांडे घासावे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी काढले तरी बहुतेक काम होते.

आपल्यापैकी कित्येकांची शेती इंदूर, देवास, उज्जैन भागात आहे. सोयाबीनचे पान कुरतडलेले दिसले तर ते चावणाऱ्या तोंडाचे काम. पाठीची कमान करून चालणारी उंटअळी शोधावी. देठावर किंवा खोडावर जवळजवळ दोन गोल खाचा आणि वरचा भाग वाळलेला दिसला तर चक्रभृंग. ही लांब शृंगिकांची भुंगेरी त्या दोन खाचांच्या मध्ये अंडे घालते आणि तिची अळी खोड पोखरते. पाने पिवळी-हिरवी चट्टेदार झाली तर त्यांच्या खाली पांढरी माशी पाहावी, कारण पिवळ्या मोझॅकचा रोग ती पसरवते. तिन्हींचा उपाय वेगळा, वेळही वेगळी. दुकानदार देईल ते औषध आणून मारणे म्हणजे ताप न मोजता गोळी घेणे.

आमची विनंती

विद्यार्थ्यांनी दर शनिवारी शेवटच्या तासाला शाळेमागच्या वाफ्यात किडे पाहावेत. वहीत चार रकाने करावेत : पंख, तोंड, पाय, शृंगिका. चित्र काढावे. शेजारी घराण्याचे नाव आणि आजी-आजोबांना विचारून मराठी नाव लिहावे. ‘ततैया’ सर्वांना ठाऊक आहे, ‘गांधीलमाशी’ म्हटले की वर्गात दोनच हात वर होतात, हे आम्हाला खटकते. दोन्ही नावे यायला हवीत. किडा मारू नये, उघड्या हाताने धरू नये. विशेषतः भेंडीच्या फुलांवर बसणाऱ्या काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या भुंगेऱ्याला हात लावू नये, त्याच्या अंगातील रसाने कातडीवर फोड येतात.

पालकांनी मुलाने किडा दाखवला की ‘शी, टाक तो!’ म्हणण्याआधी क्षणभर खाली वाकून पाहावे. नाव येत नसेल तर सांगावे की येत नाही, आपण मिळून शोधू. आम्हालाही आमच्या विद्यार्थिनीनेच शिकवले.

आणि विश्वस्त मंडळींना एक प्रार्थना. दरवर्षी सुट्टीत शाळेच्या आवारात सरसकट औषध फवारण्याची पद्धत आहे. यापुढे विज्ञान-शिक्षकांनी पाहणी करून लेखी सांगितल्याशिवाय वाफ्यावर फवारणी होऊ नये, आणि कुंपणालगतचा गवताचा पट्टा पावसाळाभर न कापता ठेवावा. डासांच्या पाण्याचा बंदोबस्त मात्र कडक राहावा, त्यात सवलत नको.

यंदा त्याच वाफ्यात पुन्हा चवळी लावली आहे. परवा शेंड्यावर मावा दिसला. आम्ही माळीबुवांना हाक मारली नाही, भिंग मागवले. पानाच्या मागे पिवळ्या, उभ्या, चिकटून बसलेल्या अंड्यांचा एक पुंजका होता. ढालकिड्याची अंडी अशीच असतात, पण आम्ही यावेळी घाई करणार नाही. बाहेर काय निघते ते मुले रोज पाहत आहेत.

आपला,
प्राचार्य